हजेरीतलं नाव



आजच्या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव वडिलांच्या नावासह, आडनावासह छापलं आहे. ती हातात पडली तेव्हा तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी मनात हिशोब मांडला असेल. हे कुठले, कोणापैकी, आणि यांना कोणी बोलावलं असेल? लाजायचं काही नाही, मीही प्रत्येक पत्रिकेवर हेच करतो. लग्नाची असो की पुस्तक प्रकाशनाची, डोळा आधी आडनावावर जातो. हा हिशोब वर्गात चालू असतो तेव्हा शिकवणाऱ्याने काय करायचं, यावर आज बोलणार आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, ते सर मला वर्गात कधी शिकवायला नव्हते. मी कॉलेजात रुजू झालो तेव्हा ते निवृत्तीला आले होते. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची त्यांची. पहिला तास घेऊन आलो तर त्यांनी कसा झाला वगैरे विचारलं नाही. म्हणाले, "हजेरी घेताना वर बघतोस का खाली?" मी म्हटलं, "खाली, पटावर." ते हसले आणि पेपर वाचू लागले. त्या प्रश्नाचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं लागली.

आपल्या गावाला नावांची खोड जुनी आहे. कुंडलिकेच्या पलीकडचं जुनं जालना आणि अलीकडचं हे नवीन जालना. माझ्या आजोबांच्या तोंडी मात्र या बाजूचं नाव काद्राबाद असायचं. आमचा जिल्हा १९८१ सालचा, त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेवर 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, माझ्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. इमारत तीच, लेण्यांच्या डोंगराखालचा वाराही तोच. पण या दोन नावांमध्ये सोळा वर्षं आहेत, जळालेली घरं आहेत, गेलेले जीव आहेत. आता औरंगाबाद शहराचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे. तेव्हा नावात काय आहे, असं निदान मराठवाड्यात तरी कोणी विचारू नये.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. मी चौदा वर्षांचा, गावच्या शाळेत. पुढे काय झालं ते तुम्ही वाचलं आहे, काहींनी पाहिलं आहे, काहींनी भोगलं आहे. माझ्या आठवणीत राहिला तो हजेरीपट. आमच्या वर्गातली चार मुलं महिनाभर आली नाहीत. गुरुजी रोज चौघांची नावं घ्यायचे, क्षणभर थांबायचे आणि गैरहजेरी लावायचे. ती मुलं कुठे आहेत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती रात्रीतून नातेवाइकांकडे गेली होती. गुरुजींनाही माहीत होतं. पटावर मात्र ती विनाकारण गैरहजर.

बी.ए. जालन्यात केलं, एम.ए. विद्यापीठात. मग पाच वर्षं तासिकेवर हिंडलो आणि १९९२ साली कायम झालो. पहिल्याच सत्रातली गोष्ट. दुष्काळावरची एक कथा शिकवत होतो. भोकरदनकडचा एक मुलगा उभा राहिला. आपणहून उभा राहिला, हे महत्त्वाचं. म्हणाला, "सर, त्या बाईला पानी काहून नाही देलं त्यानं? विहीर तर त्याची भरेल व्हती." मी म्हटलं, "पाणी. ण, बाणातला." वर्ग हसला. तो खाली बसला. पुढची तीन वर्षं तो माझ्या तासाला नेमाने आला. शेवटून दुसरा बाक, भिंतीकडची जागा. पुन्हा एकदाही बोलला नाही. चांगल्या गुणांनी पास होऊन गेला.

त्याचा प्रश्न त्या कथेचा गाभा होता. विहीर भरलेली असताना पाणी का नाकारलं? त्याला उत्तर माहीत असणार, माझ्यापेक्षा जास्त. तो मला ते वर्गात, मोठ्याने बोलायला लावत होता. मी 'ण' दुरुस्त करून सुटलो.

समर्थ रामदासांचं जांब आपल्या घनसावंगी तालुक्यात. मुकुंदराजांचं अंबाजोगाई इथून काही फार दूर नाही. मराठीला ज्या मातीने असे कवी दिले, त्या मातीतली मुलं आपली मराठी अशुद्ध आहे म्हणून वर्गात तोंड मिटून बसतात, आणि त्यांना मिटायला लावणारे आम्ही मराठीचेच प्राध्यापक. बोलीत बोललेलं चालेल, असं नंतर मी दरवर्षी पहिल्या दिवशी सांगू लागलो. त्याने फारसा फरक पडला नाही. मुलं आपलं सांगणं ऐकत नाहीत, आपला चेहरा वाचतात.

दुसरा प्रसंग १९९४ चा. १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. सोमवारी, १७ तारखेला माझा पहिला तास. शंभराच्या पटाचा वर्ग, तीस-पस्तीस मुलं आलेली. मधल्या रांगेत एक मुलगा बसला होता. त्याच्या बाकाखाली, पायांच्या मध्ये, पेढ्यांचा पुडा होता, दोऱ्याने बांधलेला. नवा सदरा, केसांना तेल. कशाचे पेढे, हे सांगायची गरज नव्हती. तो माझ्याकडे बघत होता, मी विचारावं म्हणून. डाव्या बाजूचे तिघे-चौघेही माझ्याकडे बघत होते, मी विचारतो का ते पाहायला.

मी अलंकार शिकवले. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. पन्नास मिनिटं फळ्याकडे तोंड करून. तास संपला. मुलगा पुडा तसाच काखेत धरून बाहेर गेला. गाठ सुटलेली नव्हती.

स्टाफरूममध्ये कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, वर्गात राजकारण नको. हे वाक्य आपल्याकडे फार प्रतिष्ठित आहे. पण त्या दिवशी मी राजकारण टाळलं नाही. मी एका बाजूला उभा राहिलो, गप्प राहून.

त्याची टोचणी लागली आणि मी एक उपाय काढला. पुढच्या जूनपासून हजेरी नुसत्या क्रमांकाने घेऊ लागलो. एक, दोन, तीन, चार. आडनाव नाही, त्यामुळे वळणाऱ्या माना नाहीत, कुजबुज नाही. आपण फार पुरोगामी काम केलं, असं मला वाटत होतं. दहा-बारा वर्षं हे चाललं. मग एका वर्षी प्रथम वर्षाची एक मुलगी तासानंतर टेबलाशी आली. मंठ्याकडच्या तांड्यावरची. आईवडील सहा महिने ऊसतोडीला. म्हणाली, "सर, तुम्ही नंबर घेता. नाव घेत जा ना." मी तिला माझी भूमिका नीट समजावून सांगितली, जातीपातीची, समतेची. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तसं नाही सर. कारखान्यावर मुकादम पण कोयत्यावरच मोजतो आम्हाला."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते. किती माणसं, असं कोणी विचारत नाही, किती कोयते, असं विचारतात.

दुसऱ्या दिवशी मी नावं घेतली, पूर्ण. आणि वर बघून. एक नाव, एक चेहरा. शंभर नावांना सात-आठ मिनिटं लागतात. एवढा वेळ वाया जातो, असं आमच्या एका प्राचार्यांचं मत होतं. त्या मिनिटांत कोण कोणाशेजारून उठून दुसरीकडे बसलं, कोणाचे डोळे सुजले आहेत, रोलिंग मिलमधली रात्रपाळी करून कोण तसाच आला आहे, हे सगळं कळतं. सरांचा प्रश्न मला तेव्हा कळला.

आता थोडं जुन्या ग्रंथाकडे वळतो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. एम.ए.ला असताना या दोन पाट्या वाचत मी जात असे, आणि हे दोघे कोण, हे शोधायचे कष्ट दोन वर्षं घेतले नव्हते. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, सागल नगरीचा. नागसेन हा बौद्ध भिक्षू. 'मिलिंद प्रश्न' या पाली ग्रंथात दोघांचा संवाद आहे. राजा विचारतो, भिक्षू उत्तरं देतो. कॉलेजला नाव दिलं ते उत्तरं देणाऱ्याचं नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचं. ज्या समाजाला प्रश्न विचारायचीच बंदी होती, त्याची मुलं जिथे शिकणार, त्या इमारतीवर प्रश्न विचारणाऱ्याचं नाव. नाव ठेवावं तर असं.

आणि या संवादाची सुरुवात कशाने होते? नावाने. राजा विचारतो, भदंत, आपलं नाव काय? नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ती केवळ हाक मारायची सोय, त्या नावाचा कोणी आत सापडत नाही. मग तो राजाला त्याच्याच रथाचं विचारतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळ्यांना राजा नाही म्हणतो आणि अडकतो. या सगळ्यांच्या जुळणीला रथ म्हणायची रीत आहे, तसंच नावाचं.

मला हे फार आवडलं होतं, माझ्या क्रमांकाच्या हजेरीला आधार मिळाल्यासारखं वाटलं होतं. पण तांड्यावरच्या मुलीने तो आधार काढून घेतला. नागसेन नाव सोडत होता. या मुलीला ते अजून मिळायचं होतं.

त्याच ग्रंथात पुढे एक जागा आहे, ती मात्र मला आजही जशीच्या तशी लागू वाटते. राजा म्हणतो, माझ्याशी आणखी चर्चा कराल का? नागसेन म्हणतो, पंडितासारखी करणार असाल तर करीन, राजासारखी करणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, सुटतो, कोणाची चूक दाखवली जाते, तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. राजे एक मुद्दा मांडतात आणि कोणी तो नाकारला तर त्याला शिक्षा करा म्हणतात. मिलिंद कबूल होतो. म्हणतो, पंडितासारखी करू, मोकळेपणाने बोला.

बी.ए.च्या वर्गात राजा कोण असतो, हे वेगळं सांगायला नको. उंचवटा त्याचा, खडू त्याचा, अंतर्गत गुण त्याच्या हातात. "बस खाली" हे राजाचं बोलणं आहे. "पाणी, ण" हेही. पदवीला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं मी राजा होतो.

आणि आता २०२३. मला माहीत आहे की सभागृहात या क्षणी थोडी चुळबुळ झाली. १ सप्टेंबर २०२३ ला आपल्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि महाराष्ट्र पेटला. पुढच्या जूनमध्ये तिथून अगदी जवळ वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण बसलं. एका तालुक्यात दोन मांडव. लाठीमार झाला ते शैक्षणिक वर्ष माझ्या निवृत्तीचं होतं. कोणाची मागणी किती बरोबर, यावर मला मत आहे, पण त्यासाठी मला इथे बोलावलेलं नाही. माझ्या वर्गात दोन्ही मांडवांतली मुलं होती, एवढंच सांगायचं आहे.

लाठीमारानंतर बंद पडलेल्या बस सुरू झाल्यावर अंबड आणि घनसावंगीची मुलं आली. जे दिवस ती आली नव्हती, त्यांची गैरहजेरी मी लावली नाही. नियमात बसत नाही, पण आता मला कोण काढणार आहे. पट वाचताना वर बघितलं तर वर्गाच्या मधोमध एक रांग रिकामी. दोन वर्षं एका डब्यात जेवलेली मुलं दोन बाजूंना.

हिवाळ्यात मराठ्यांना ओबीसी दाखल्यासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधायचं काम चालू होतं. निजामाच्या काळातली कागदपत्रं, मोडीतली आणि उर्दूतली. निजामाचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेही उर्दू माध्यमाचंच. माझे वडीलही उर्दूत शिकले, घरी मराठी आणि पाटीवर अलिफ-बे. तो वारसा आपण दोन पिढ्यांत पुसून टाकला आणि अचानक त्याचे वाचक शोधायची वेळ आली. एक दिवस एका मुलाने घरातल्या जुन्या कागदाची झेरॉक्स आणली. सर, वाचता येतं का? मला येत नाही. मी वर्गाला विचारलं. जुन्या जालन्यातून येणारी, दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली एक मुलगी पुढे आली. कागद खिडकीशी नेला. लफ्फेदार, घाईचं हस्ताक्षर. ती बोट ठेवून एकेक शब्द लावत होती. मौजे अमुक. वल्द तमुक. काश्तकार. एक शब्द अडला. "हे आजोबांना दाखवावं लागेल," म्हणाली. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झालेला, दोन्ही बाजूंचा. रिकामी रांग माणसांनी भरली होती.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण मागून एक मुलगा बोलला, "सर, हा शब्द कुणबी निघाला तर हा आमच्या जागेवर येणार का?"

कोणी हसलं नाही. मला "विषयाला धरून बोल" म्हणायची सवय होती, ओठावर आलंही होतं. अभ्यासक्रमात हे नव्हतं. बाकाखाली पेढ्यांचा पुडा पुन्हा दिसायला लागला. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, बोलू या, पण एका अटीवर. ज्याच्या विरुद्ध बोलायचं आहे, त्याची बाजू आधी मांडायची, आणि तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणेपर्यंत आपली सुरू करायची नाही. यात माझी काही अक्कल नाही. आपल्या शास्त्रकारांची ही पद्धत आहे, आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष.

कागद आणणारा मुलगा उठला. ओबीसींची बाजू मांडू लागला आणि दुसऱ्याच वाक्याला "त्यांना वाटतं की" असं म्हणाला. मागचा ओरडला, "वाटतं नाही, आहे!" पुन्हा सुरुवात. चौथ्या वेळेला त्याने सांगितलं की याच्या गावात याच्या वडिलांचं न्हाव्याचं दुकान आहे, बलुतं बंद झालं, जमीन कधी नव्हतीच, आणि घरातला पहिला कॉलेजात आलेला हाच. मागचा मुलगा म्हणाला, "हो. हेच." मग त्याची पाळी. तो मराठ्यांची बाजू मांडायला लागला. तीन एकर, दोन भाऊ, मोसंबीची बाग वाळली, बहिणीच्या लग्नाचं कर्ज, आणि लोक मात्र पाटील म्हणतात. तो मध्येच थांबला. "सर, हे मला पाठ आहे, हा हॉस्टेलला माझ्याच खोलीत होता."

त्यांची दोस्ती पुन्हा जुळली का? नाही. एक मुलगा तर मध्येच दप्तर उचलून निघून गेला. तो परत माझ्या तासाला आला नाही, आणि त्याला राग कशाचा आला, हे मी विचारायला हवं होतं. एकदा मीही चिडून "पुरे आता" म्हणालो आणि अर्धा तास केलेलं काम घालवलं. पण मार्चपर्यंत एवढं झालं, की वर्गात प्रश्न विचारायला उभं राहणाऱ्याकडे बघून कोणी आडनावाचा हिशोब करून हसत नव्हतं. करत असतील, हसत नव्हते.

१९९४ सालीच अमेरिकेत बेल हुक्स या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेचं वर्गातल्या अध्यापनावरचं पुस्तक आलं. मी ते अलीकडे वाचलं. त्यांचं खरं नाव ग्लोरिया वॉटकिन्स. लिहिताना त्यांनी पणजीचं नाव घेतलं आणि ते मुद्दाम इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलं, म्हणजे लोकांनी व्यक्तीपेक्षा लेखनाकडे पाहावं. शिक्षकाने स्वतःला बाहेर ठेवून विद्यार्थ्यांनी तेवढं उघडं व्हावं, ही अपेक्षा त्यांना मान्य नव्हती. मला हे वाचून ओशाळल्यासारखं झालं. मी मुलांना त्यांच्या घराबद्दल बोलायला लावलं, पण माझ्या घरात पाण्याचा हंडा कोणासाठी वेगळा होता, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. मुलांना माझी जात पहिल्या तासाच्या आधीच ठाऊक असायची. "सर आपल्यापैकी आहेत का" ही चौकशी कॅन्टीनमध्ये पूर्ण व्हायची. आपण मात्र समजतो की आपण कोणी नाही, नुसते सर आहोत.

हे सगळं बोलणं मला परवडतं, कारण मला पेन्शन आहे. आज इथे बसलेल्यांत तासिका तत्त्वावर शिकवणारे बरेच जण दिसतात. ज्याचा पगार तासावर, तोही महिनोन्महिने उशिरा, ज्याला पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत द्यायची आहे, त्याने वर्गात दार लावून आरक्षणावर चर्चा घ्यावी, असं मी सांगणार नाही. तक्रार गेली तर तो उद्या नसेल. कायम जागा भरल्याशिवाय वर्गात संवाद वाढवा म्हणणारी धोरणं निव्वळ कागद आहेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' लिहायला जागा असते, त्या जागी फोटो लावून आपण मोकळे होतो. जे कायम आहेत, त्यांच्यावर मात्र मी हे ढकलतो. तुम्हाला कोणी काढत नाही. तुम्ही अलंकार शिकवत बसू नका.

संयोजकांनी तासाभराचं भाषण सांगितलं होतं, मी आधीच थांबतो. उरलेला वेळ प्रश्नांसाठी आहे. सभागृहात दोन माइक आहेत, एक मधल्या वाटेत आणि एक मागच्या दाराशी. बोलायला उठाल तेव्हा नाव सांगा, पूर्ण किंवा नुसतं पहिलं, तुमच्या मर्जीने. तुमच्या बोलीत बोला. मी वर बघतो आहे.